तिसऱ्या रांगेतला चौथा जोड

"झालं का गं अंबिका?" बागवान सरांनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडून विचारलं.

"झालं सर," मी म्हणाले.

झालं नव्हतं.

मे महिना होता. सोलापुरातलं अकरा वाजताचं ऊन. एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहाच्या गच्चीवर आम्ही चौदा जण सोलारचे पॅनेल बसवत होतो. आठ पुरुष, सहा बायका. शहरात सोलारची कामं वाढत चालली होती आणि हाताखाली शिकलेली माणसं नव्हती, म्हणून चार महिन्यांचं प्रशिक्षण सुरू झालं होतं. आमची पहिलीच बॅच. ही आमची तिसरी गच्ची. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला उद्घाटन होतं.

काम तसं साधं. दोन पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडायच्या. वायरीच्या टोकाला एक धातूची पिन लावायची, ती क्रिंपर नावाच्या दाबपकडीनं घट्ट दाबायची, वायर जोरात ओढून बघायची, आणि मग प्लॅस्टिकच्या टोपीत सारायची. खट् असा आवाज आला की जोड झाला. चौदा जणांत क्रिंपर एकच होता आणि त्या वेळी तो पहिल्या रांगेत होता. मी तिसऱ्या रांगेत, चौथ्या पॅनेलखाली वाकून बसले होते. माझ्या हातात जी वायर होती, तिचं दुसरं टोक उन्हात तापलेल्या पॅनेलला होतं.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घरातली लाईट बटण बंद केलं की जाते. हे पॅनेल ऊन असेपर्यंत बंद होत नाही. हे ज्याच्या ध्यानात राहणार नाही त्यानं आजच घरी जावं."

मला ते जरा जास्तच ध्यानात राहिलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना नायना म्हणायचो, टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. मी तेरा वर्षांची असताना त्यांचा डबा घेऊन गेले आणि मागाच्या मोटारीला वीज लागून चिकटलेले नायना बघितले. ते वाचले, पण उजवा हात गेला. तेव्हापासून आमच्या घरात मिक्सरचं बटणसुद्धा मी लाकडी उलथन्यानं दाबायची. तरी मी या वर्गात आले होते, कारण अम्माबरोबर विड्या वळून वळून मला खोकला लागला होता आणि दुसरं काही मिळत नव्हतं. भीतीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर घेतलंच नसतं.

तर ती वायर हातात धरवेना. हातमोज्यात घामाचं पाणी झालेलं. क्रिंपर येईपर्यंत दहा मिनिटं तशीच धरून बसायचं माझ्याच्यानं होईना. मी खिशातली साधी पक्कड काढली, पिन दोनदा दाबली, टोपीत सारली. खट् आवाज आला. ओढून बघितलं नाही. हात बाजूला घेतला तेव्हा श्वास सुटला.

थोड्या वेळानं महानंदाताई कागद घेऊन आली. महानंदा बिराजदार, आमच्या बॅचमध्ये वयानं सगळ्यांत मोठी, चाळिशीला आलेली, आवाज असा की रस्त्यापलीकडं ऐकू जावा. दिराशी भांडून ती वर्गाला यायची. तिसऱ्या रांगेच्या तपासणीचं काम तिच्याकडं होतं. जोड कुणी केला हे कागदावर नसायचं, फक्त तपासणाऱ्याची सही असायची.

"सगळे ओढून बघितलीस ना?" तिनं विचारलं.

"हो ताई."

"मग करते बाई सही. पाय पोळलालेत माझे."

आणि तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा उंबऱ्यात सुपात तंबाखू घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसले. रात्री जेवण गेलं नव्हतं, सकाळचा चहाही तसाच होता.

"अम्मा, एखादी विडी सैल वळली गेली तर?"

"तर काय? कारखान्यात चेकर काढून फेकतो."

"आणि त्याच्या नजरेतनं सुटली तर?"

"तर कुणाच्या तरी तोंडात विझते. दुसरी पेटवतो. त्यानं कोण मरतंय होय?" ती माझ्याकडं बघायला लागली. "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

सर सकाळी दहाला जाऊन सगळं चालू करून बघणार होते. म्हणजे एव्हाना माझ्या त्या जोडातून वीज वाहायला लागली असणार. आम्हाला तीनला बोलावलं होतं. मी बाराला घरातून निघाले. मनात ठरवलं होतं की जायचं, बाकी कुणी नसताना काहीतरी बहाणा करून सरांकडून मेन स्विच बंद करून घ्यायचा, आणि जोडातून वाहणारी वीज थांबली की तो नव्यानं करायचा. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पोचले तेव्हा एक वाजायला आला होता. फाटकाशी महानंदाताई रांगोळी काढत बसली होती.

"एवढ्या लवकर?" ती म्हणाली.

"पाण्याची बाटली राहिली वर. सर कुठायत?"

"पाहुण्यांना पत्रिका द्यायला गेलेत. तीनला येतो म्हणाले."

"आणि स्विचच्या खोलीची किल्ली?"

"करजगी साहेबांकडं. अंघोळ करून येतो म्हणून घरी गेलेत. का गं?"

"काही नाही."

करजगी म्हणजे ट्रस्टचे मॅनेजर. मी जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर बाळंतिणींची खोली होती. दार उघडं होतं. पंखे फिरत होते, एक बाळ रडत होतं आणि एक म्हातारी त्याला थोपटत होती. मी नऊ खाटा मोजल्या. का मोजल्या कुणास ठाऊक.

गच्चीचं दार ढकललं आणि वास आला. प्लॅस्टिक जळल्याचा. मग आवाज ऐकू आला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडत राहावं तशी चरचर. मी वाकून तिसऱ्या रांगेखाली बघितलं. चौथ्या पॅनेलखाली माझा जोड काळा पडून वाकला होता आणि त्याच्या फटीतून निळा-पांढरा उजेड येत होता. वेल्डिंगला असतो तसा. त्याच्याकडं बघवत नव्हतं. वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक थेंब खाली पडला. खाली काल आमच्यातल्याच कुणीतरी टाकून गेलेलं पोतं होतं. त्यातून धूर निघायला लागला.

मी तिथंच उभी राहिले. पाय हलेनात. मोटारीला चिकटलेले नायना दिसत होते आणि त्यांच्या तोंडातून निघणारा तो आवाज ऐकू येत होता. माणसाचा वाटत नव्हता तो. किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. खाली बाळ पुन्हा रडलं तेव्हा मी कठड्याशी धावले.

"ताई! वर ये! आग!"

मग सरांना फोन लावला. दोनदा वाजून गेला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"सर, जोड पेटलाय. ठिणगी उडते, थांबत नाही."

"मेन स्विच बंद कर."

"खोलीला कुलूप आहे. किल्ली करजगी साहेबांकडं."

पलीकडं स्कूटरचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"हात लावू नको," सर म्हणाले. "ऐकतेस का? जोडाला हात लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही, वायर तोडायची नाही. ऊन झाक. त्या रांगेचे दहाही पॅनेल झाकायचे, एक उघडं ठेवून चालणार नाही. जाड काहीतरी टाक. कुठली रांग?"

"तिसरी. चौथा जोड."

"मी येतोय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

महानंदाताई धापा टाकत वर आली. बोटांना रांगोळीचा लाल रंग. तिनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"पॅनेल झाकायचे," मी म्हणाले. "चादरी घे."

गच्चीच्या कोपऱ्यात प्रसूतिगृहाच्या चादरी वाळत घातल्या होत्या. आपल्याच गावच्या, जाड, जड. त्या उन्हात त्या पापडासारख्या कडक वाळल्या होत्या. आम्ही दोघींनी हाताला येतील तशा ओढून काढल्या.

"मी त्या टोकाकडनं येते, तू ह्या टोकाकडनं," ताई म्हणाली आणि धावली. ह्या टोकाकडून म्हणजे चौथा जोड माझ्या वाट्याला.

पहिल्या पॅनेलवर चादर टाकली. दुसऱ्या. वारा सुटलेला, चादर उडायला लागली. विटा ठेवल्या. तिसऱ्यावर टाकताना चरचर माझ्या गुडघ्यापाशी आली. उजेड सावलीतून वर मारत होता. चौथ्या पॅनेलवर चादर टाकायची म्हणजे त्याच्यावर ओणवं व्हायला हवं, पोट लोखंडी चौकटीच्या पार जवळ न्यायला हवं. चौकटीतही वीज उतरली असेल का? सरांनी शिकवलं होतं, पण त्या वेळी काही आठवेना. मी चादर हातात धरून उभी. तोंडातून आपोआप "अम्मा, अम्मा" निघत होतं.

"टाक की गं!" ताई पलीकडून ओरडली. तिच्या तीन झाल्या होत्या.

मी मागं सरकले आणि चौकटीला न शिवता चादर लांबूनच भिरकावली. ती अर्धीच पडली. पुन्हा ओढून घेतली. पुन्हा भिरकावली. या वेळी नीट पडली. विटेसाठी जवळ जायचं धाडस झालं नाही, म्हणून वीट लांबूनच हळू सोडली. ती काचेवर आपटून टिकली. मग पाचवा. ताईची चौथी पडली आणि चरचर मंद झाली, तुटक झाली. सहावा उघडा राहिला होता. त्यावर आम्ही दोघींनी मिळून दोन बाजूंनी धरून चादर टाकली.

आवाज थांबला.

पोतं मात्र पेटलं होतं. ताईनं जिन्याजवळची वाळूची लाल बादली उचलली आणि लांबूनच सगळी वाळू त्यावर फेकली. आम्ही दोघी जिन्याच्या सावलीत खाली बसलो. माझे दात वाजत होते. त्रेचाळीस डिग्रीत माझे दात वाजत होते.

"अंबिका, वाचवलंस गं," ताई म्हणाली आणि तिनं माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. "तू बाटलीसाठी वर आली नसतीस तर?"

मी जळलेल्या पोत्याकडं बघत राहिले.

करजगी साहेब आणि सर एकाच वेळी आले. स्विच बंद झाला. सरांनी हातमोजे घातले, मीटर लावून बघितलं, मग तो जोड कापून बाहेर काढला आणि खिशात टाकला. चादरी तशाच होत्या, त्यांतली एक धुरानं काळी झाली होती. खाली बाळंतिणींना बाहेरच्या व्हरांड्यात आणून बसवलं होतं. त्यांतली एक टाके पडलेली मुलगी भिंतीला धरून उभी होती, तिला बसता येत नव्हतं. तिच्याकडं मला बघवलं नाही.

ऑफिसात करजगी साहेब उभेच होते. अंगात उद्घाटनाचा पांढरा शर्ट.

"नऊ बायका आणि आठ बाळं होती वर," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त भीती वाटली. "कुणाचं काम हे? तुमच्याकडं कागद असेल ना?"

सरांनी घडी घातलेला कागद काढला. "तिसरी रांग," ते म्हणाले आणि थांबले. "तपासणी, महानंदा बिराजदार."

ताईनं माझ्याकडं नाही, सरांकडं बघितलं. चेहऱ्यावर काजळी, घाम, बोटांना रंग.

"मी ओढून बघितलं होतं सर," ती म्हणाली. "सगळे. खरंच."

तिनं बघितलं नव्हतं. तिनं मला विचारलं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ती खोटं बोलत होती, घाबरून, आणि ते लगेच कळत होतं.

"मग पेटला कसा?" करजगी म्हणाले. "बागवान, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, बायकांचं हे काम नाही. या बाईंना आजच्या आज काढा. लेखी द्या मला."

ताईनं पदरानं तोंड पुसलं. मला गच्चीवर झालं होतं तसंच झालं. इथं तर हातात चादरही नव्हती.

"तो जोड मी केला," मी म्हणाले.

सर वळले.

"पकडीनं दाबला. क्रिंपर नव्हता. ओढून बघितला नाही. ताईंनी विचारलं तर हो म्हणाले. आज तो गुपचूप बदलायला आले होते, बाटलीसाठी नाही."

"पकडीनं?" सर म्हणाले.

"हो."

"का?"

"भीती वाटली सर. वायर हातात धरवेना."

करजगी साहेब हसल्यासारखे झाले. "भीती वाटते तर घरी बसायचं ना बाई."

महानंदाताईनं माझ्याकडं बघितलं. मघाशी याच बाईनं माझं डोकं खांद्यावर घेतलं होतं. ती बाहेर गेली. फाटकातली रांगोळी तिच्याच पायानं पुसली गेली, तिला कळलंसुद्धा नाही.

उद्घाटन रद्द झालं. त्या प्रसूतिगृहानं आम्हाला पुन्हा कधी गच्चीवर पाऊल टाकू दिलं नाही. आमची बॅच दोन महिने रखडली, आणि मला त्या बॅचबरोबर प्रमाणपत्र मिळालं नाही. पुढच्या बॅचला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. आज या कामात मला नऊ वर्षं झाली. महानंदाताई स्वतः कामं घेते, तिच्या हाताखाली सात जणी आहेत. पण त्या आठवड्यात हे काही दिसत नव्हतं. मला काढून टाकणार आणि माझ्यापायी बाकीच्या पाच जणींनाही, एवढंच दिसत होतं.

सरांनी करजगी साहेबांना पकडीनं दाबलेल्या जोडाचं लिहून दिलं, पण मला लगेच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून म्हणाले, "वर्ग बंद. आधीच्या दोन गच्च्या पुन्हा तपासायच्या. एकूण एक जोड. अंबिका, तूपण ये."

पहिल्या गच्चीवर दोन दिवसांत चार सैल जोड निघाले. सरांनी ते कठड्यावर ओळीनं मांडले. "कुणाचे?" त्यांनी विचारलं. कुणी पुढं आलं नाही. बायका माझ्यापासून लांब बसून डबा खायच्या. ताई तर मी जिथं असेन तिथून उठायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका शाळेच्या गच्चीवर होतो. सुट्टीमुळं शाळा रिकामी. दुपार झाली. ताई माझ्या शेजारच्या रांगेत होती. मी बघितलं, तिनं एक जोड ओढला आणि वायर अलगद तिच्या हातात आली. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं इकडं तिकडं बघितलं. आमची नजरानजर झाली. मी मान खाली घातली.

"सर!" तिचा तो रस्त्यापलीकडं जाणारा आवाज आला. "हा माझा आहे. ही रांग मीच जोडली होती. मला आठवतंय."

सगळे हात थांबले. सर आले, तिच्या हातातून पिन घेतली, उन्हाकडं धरून उलटसुलट करून बघितली. मग पिशवीतून पहिल्या गच्चीवरचे चार जोड काढले, तेही बघितले. खिशातून माझा काळा झालेला जोड काढून शेजारी ठेवला. माझ्या पिनेवर पकडीच्या दातांचे वाकडेतिकडे ओरखडे होते. बाकीच्या पाचांवर क्रिंपरचा ठसा होता, सरळ, बरोबर जागी. फक्त उथळ.

"तू क्रिंपरनंच दाबलंस," सर ताईला म्हणाले.

"हो सर. शिकवलंत तसंच."

सर तिथंच तापलेल्या गच्चीवर बसले. साठीला आलेला माणूस, तीस वर्षं या कामात. त्यांनी पिशवीतून क्रिंपर काढला आणि मांडीवर ठेवला.

"ह्याचा जबडा झिजलाय," ते म्हणाले. "फेब्रुवारीपासून. मला माहीत होतं."

त्यांनी तो उघडून-मिटून आम्हाला दाखवला.

"दोनदा नवा मागितला. दुसऱ्यांदा आपल्या संस्थेचे साहेब म्हणाले, फार कुरकुर असेल तर वर्गच बंद करून टाकू, तसेही बायका घेतल्यात म्हणून लोक हसतात. मग मी गप्प बसलो. म्हटलं, जरा जोर लावून दाबतील, चालेल." त्यांनी ताईची पिन तिच्या तळहातावर परत ठेवली. "हा तुझा नाही."

ताई त्या पिनेकडं बघत उभी राहिली. मग ती माझ्याजवळ आली, तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि शेजारी टेकली.

"पाणी आहे का गं?" तिनं विचारलं.

मी बाटली दिली. ती दोन घोट प्याली आणि बाटली सरांसमोर धरली. सरांनी घेतली नाही. त्यांनी चष्मा पुसला, खिशातून फोन काढला आणि नंबर शोधायला लागले. बोट सारखं चुकत होतं.

"हॅलो, करजगी साहेब," ते म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे होतो आणि त्यांनी आम्हाला लांब व्हायला सांगितलं नाही. "मौला बागवान बोलतोय. त्या दिवशीच्या आगीबद्दल मी जे लिहून दिलं, ते अर्धंच आहे."